शून्य, पस्तीस : वऱ्हाडातल्या घरात शिरलेल्या तारेची गोष्ट

२००७-०८च्या सुमारास अमरावती किंवा अकोल्यात ज्यांच्या घरी पहिल्यांदा ब्रॉडबँड आलं, त्यांना दोन आकडे आठवत असतील : शून्य आणि पस्तीस. बीएसएनएलच्या मोडेमच्या सेटिंगमध्ये व्हीपीआय नावाचा एक रकाना असायचा, त्यात शून्य भरायचं. शेजारी व्हीसीआय नावाचा रकाना, त्यात पस्तीस. याचा अर्थ काय, हे बहुतेकांना ठाऊक नसायचं. पण हे दोन आकडे चुकले की मोडेमवरचा इंटरनेटचा दिवा काही केल्या लागायचा नाही.

तुम्ही आज विशीत असाल, तर हा खटाटोप तुम्ही कदाचित पाहिलाच नसेल. तुमचं नेट सिम टाकल्यावर सुरू होतं. म्हणूनच ही गोष्ट सांगायची आहे. वऱ्हाडात तार येऊन दीडशेच्या वर वर्षं झाली, आणि या सगळ्या काळात एक प्रश्न कायम राहिला : तारेचं शेवटचं टोक कुणाच्या हातात? मोडेमचा काळ म्हणजे जेमतेम दहा-बारा वर्षं. पण तेवढ्या काळात ते टोक घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराच्या नाहीतर पोरीच्या हातात होतं. आधी ते तसं नव्हतं, नंतरही राहिलं नाही.

खामगावची तार

सुरुवात मोडेमपासून नाही, कापसापासून करावी लागते.

रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून जायचा. अमरावतीहून निघालेले तांडे नागपूर-जबलपूरच्या वाटेने थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात. तिथला भाव काय आहे हे इथल्या माणसाला कळेपर्यंत हंगाम सरलेला असायचा. १८५३मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि इंग्रजांची नजर काळ्या मातीवर पडली. १८६७मध्ये रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी कापूस आयुक्त असं एक खास पद होतं आणि त्यावर रिव्हेट-कार्नॅक नावाचा अधिकारी होता. कुठे किती पेरा झाला, किती गाठी बांधल्या, किती माल मुंबईला गेला, याचे आकडे त्याच्या खात्यातून बाहेर पडत.

अकोल्याहून पन्नासएक किलोमीटरवर खामगाव आहे. त्या काळी देशातल्या मोठ्या कापूस बाजारांत त्याचं नाव होतं. १८७०मध्ये जलंब ते खामगाव या छोट्याशा रेल्वे फाट्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. जेमतेम बारा-तेरा किलोमीटरच्या फाट्यासाठी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय येतो, यावरून तिथल्या कापसाची किंमत ओळखा. त्याच वर्षी समुद्राखालून टाकलेल्या तारेने मुंबई आणि लंडन जोडले गेले. सुएझचा कालवा आदल्याच वर्षी खुला झाला होता. म्हणजे तार, रेल्वे आणि आगबोट अशा तिन्ही गोष्टी एकमेकींना जोडल्या गेल्या, आणि लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडच्या बाजारात पोचायला महिन्यांऐवजी तासा-दिवसांचा हिशेब लागू लागला.

पण पोचायचा कुणाकडे? तार तारघरात उतरायची. इंग्रजी वाचणारा, शब्दाशब्दाला पैसे मोजू शकणारा व्यापारी ती घ्यायचा. व्होल्कार्ट, रॅली यांच्यासारख्या परदेशी पेढ्यांचे एजंट कापसाच्या या बाजारांत बसलेले होते. शब्द महाग म्हणून व्यापारी सांकेतिक शब्दांची पुस्तकं वापरायचे. एका शब्दात अख्खं वाक्य बसवायचे. बाहेर बंड्यांची रांग लावून उभ्या असलेल्या कास्तकाराला या तारेत काय आहे हे कळायचं नाही. त्याला फक्त अडत्याच्या तोंडून निघालेला भाव कळायचा. दोघांमधलं अंतर होतं तार वाचता येण्याचं, आणि त्या अंतरातच नफा होता.

वऱ्हाडातली पहिली तार अशी आली. ती वऱ्हाडच्या माणसाला जगाची बातमी देण्यासाठी टाकलेली नव्हती. जगाला वऱ्हाडची बातमी मिळावी म्हणून टाकली होती.

एसटीडी बूथ ते १७२२२२

त्यानंतरची शंभरेक वर्षं तारेचं टोक सरकारी कचेरीत, पेढीवर किंवा श्रीमंतांच्या दिवाणखान्यात राहिलं. फोन असणं म्हणजे ओळख असणं. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. हे चित्र बदललं ते ऐंशीच्या दशकात. १९८४मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. सॅम पित्रोदा यांचं नाव या कामाशी कायमचं जोडलं गेलं. आपल्याकडची धूळ, ऊन आणि लहरी वीज सहन करतील अशी छोटी एक्स्चेंज तिथे तयार झाली. वातानुकूलन नसलं तरी चालेल असं एक्स्चेंज ही अकोल्यासारख्या, उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर नेणाऱ्या गावासाठी साधी गोष्ट नव्हती. मग पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ बूथ आले. तारेचं टोक आता काचेच्या खोक्यात होतं. कुणीही आत जाऊ शकत होतं, पण डोक्यावर लाल आकडे पळत असायचे.

१५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. ते मोजक्या महानगरांत होतं. बाहेरगावच्या माणसाला ते वापरायचं तर मोडेमवरून दूरच्या शहरातला नंबर फिरवायचा, म्हणजे इंटरनेटच्या पैशावर एसटीडीचे पैसे. वऱ्हाडात हा हिशेब परवडणारे किती असणार? १९९८मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा देण्याची परवानगी मिळाली, १ ऑक्टोबर २०००ला दूरसंचार खात्याच्या सेवांमधून बीएसएनएल ही कंपनी झाली, आणि 'संचारनेट'च्या जोडण्या जिल्ह्याच्या गावांत दिसू लागल्या. कॉम्प्युटरमधून १७२२२२ हा नंबर लागायचा. मोडेम किरकिरायचा, शिट्ट्या मारायचा. हा आवाज म्हणजे दोन यंत्रांची एकमेकांशी चाललेली चौकशी : तुला किती वेगाने बोलता येतं, मला किती, लाइनवर खरखर किती?

मोडेम हा शब्दच दोन शब्दांचे तुकडे जोडून झाला आहे. मॉड्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरची शून्य-एकची भाषा आवाजात बदलणारा, डिमॉड्युलेटर म्हणजे आलेल्या आवाजातून पुन्हा शून्य-एक वेगळे करणारा. फोनची यंत्रणा माणसाच्या आवाजासाठी बनवलेली, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच पट्टी पुढे पाठवणारी. त्या अरुंद पट्टीतून जास्तीत जास्त ५६ केबीपीएस मिळायचे, तेही कागदावर. पाच एमबीचं एक गाणं उतरवायला, सगळं सुरळीत चाललं तरी, बारा मिनिटं. आणि तेवढा वेळ घरचा फोन बंद. आजीला अचलपूरहून फोन यायचा असेल तर नातवाने गाणं उतरवायचं नाही, हा घरोघरचा कायदा होता.

ज्यांच्याकडे तेही नव्हतं त्यांना सायबर कॅफे. दहावी-बारावीचे निकाल, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे फॉर्म, नोकरीच्या जाहिराती ही सगळी गर्दी तिथे. प्लायवूडचे कप्पे, तासावर पैसे. पोरं रात्री नऊपर्यंत बसायची. पोरींना मात्र घरून विचारणा व्हायची : कशाला जायचं, कोण सोबत आहे, किती वेळ? म्हणून नेट घरात येणं ही नुसती सोयीची गोष्ट नव्हती. काहींसाठी ते घराबाहेर न पडता जगाच्या दारात उभं राहणं होतं.

तीच तार, नवा पाहुणा

ऑक्टोबर २००४मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केलं. २५६ केबीपीएस किंवा त्याहून जास्त वेग आणि कायम चालू असलेली जोडणी, म्हणजे ब्रॉडबँड, अशी त्यात व्याख्या होती. जानेवारी २००५मध्ये बीएसएनएलने 'डेटावन' सुरू केलं. आधी मोठी शहरं, मग त्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्यासारखी जिल्ह्याची गावं.

गंमत अशी की, यासाठी नवीन तार टाकावी लागली नाही. घरात फोनची तांब्याची जी जोडतार होती, तीच. माणसाचा आवाज त्या तारेचा तळाचा, चार किलोहर्ट्झच्या आतला भाग वापरतो. वरचा भाग रिकामाच पडलेला होता. एडीएसएल नावाच्या तंत्राने सुमारे ११०० किलोहर्ट्झपर्यंतचा तो रिकामा भाग वापरात आणला. घरात तार शिरते तिथे स्प्लिटर नावाची छोटी डबी बसवायची. ती आवाज फोनकडे पाठवते आणि बाकीचं मोडेमकडे. एक्स्चेंजमध्ये दुसऱ्या टोकाला डीस्लॅम नावाचं यंत्र. आजीचा फोनही चालू, नातवाचं नेटही चालू. घरातलं एक जुनं भांडण तंत्रज्ञानाने मिटवलं.

जोडणी द्यायला लाइनमन यायचा. त्याला तांब्याची तार पाठ होती : कोणत्या खांबावरून कोणत्या डब्यात, कोणत्या जोडातून कुठे. पण घरातल्या कॉम्प्युटरला हात लावायला तो पुष्कळदा कचरायचा. तार मोडेमला जोडून, लिंकचा दिवा स्थिर लागला की त्याचं काम संपायचं. पुढचं काम गल्लीतल्या एखाद्या पोराचं. तो यायचा, ब्राउझर उघडायचा आणि वर आकडे टाकायचा : १९२.१६८.१.१. मग नाव विचारलं जायचं, ॲडमिन. पासवर्ड, तोही ॲडमिन. आणि मोडेमचं पोट उघडायचं.

त्या पोटात होते शून्य आणि पस्तीस. एक्स्चेंज आणि घर यांच्यात माहितीचे छोटे छोटे तुकडे ज्या पद्धतीने धावायचे, त्या पद्धतीत एकाच तारेवर अनेक काल्पनिक वाटा आखता येत. व्हीपीआय म्हणजे मोठी वाट, व्हीसीआय म्हणजे त्या वाटेतली गल्ली. शून्य नंबरच्या रस्त्यावरची पस्तीसावी गल्ली, एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही टोकांनी एकच गल्ली धरली नाही तर तार जोडलेली असूनही बोलणं होत नाही. मुंबईत एमटीएनएलच्या मोडेमला शून्य-बत्तीस लागायचं. म्हणून मुंबईच्या आतेभावाने फोनवर सांगितलेलं सेटिंग बडनेऱ्यात चालायचं नाही.

आणि १९२.१६८ची पण गंमत पाहा. हे पत्ते १९९०च्या दशकापासून जगभर खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. ते बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाहीत. अमरावतीच्या राजापेठेतल्या घरात जो १९२.१६८.१.१, तोच अकोल्याच्या रामदासपेठेत, तोच ब्राझीलमधल्या कुणाच्या स्वयंपाकघरात. प्रत्येकाच्या दाराला एकच नंबर, आणि तो नंबर फक्त घरच्यांसाठी. खामगावच्या तारघरात सामान्य माणसाला आत पाय टाकता येत नव्हता. इथे घरातलं पोरगं तारेच्या यंत्रात शिरून त्याची कळ फिरवत होतं. चुकलं तर मागच्या बारक्या भोकात पेनची रिफील खुपसून रिसेट करायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. अनेकांनी नेटवर्क म्हणजे काय, हे कोणत्याही क्लासमध्ये नाही, त्या रिसेटच्या भोकातून शिकून घेतलं.

काळी माती आणि लोडशेडिंग

पण तांब्याला मर्यादा होती. वरच्या पट्टीतला संदेश तारेवर लवकर विरतो. एक्स्चेंजपासून दोन-तीन किलोमीटरच्या आत घर असेल तर वेग चांगला. चार-पाच किलोमीटर झाले की लिंकचा दिवा लुकलुकायला लागायचा. इंटरनेट तुम्हाला मिळणार की नाही, हे तुमच्या पैशावरच नाही तर एक्स्चेंजपासूनच्या अंतरावर ठरत होतं. जुन्या वस्तीतल्या घरांना मिळायचं. गावाबाहेर शेतं मोडून जी नवीन लेआउट पडत होती, तिथल्या लोकांना एक्स्चेंजमध्ये "तुमच्याकडे फिजिबल नाही" असं उत्तर मिळायचं. आणि तालुक्याच्या एक्स्चेंजपासून आठ-दहा किलोमीटरवरच्या खेड्याचा तर विचारच नको. कापूस पिकवणारा माणूस तारेच्या टोकापासून १८७०मध्ये जेवढा लांब होता, त्यातलं बरंचसं अंतर अजून शिल्लक होतं.

शिवाय माती. कापसाची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हातभर भेगा पडतात. इमारतींचे पाये, पाण्याच्या नळ्या, जमिनीतले केबलचे जोड या सगळ्यांवर तिचा ताण येतो. जोडात ओल शिरली की फोनवर खरखर आणि नेट बंद. ज्या मातीने पहिली तार इथवर ओढून आणली, तीच माती पुढच्या तारांच्या जिवावर उठली होती. त्यात रस्ता रुंदीकरणाचा जेसीबी आला की अख्ख्या गल्लीचे दिवे विझायचे.

आणि वीज. त्या दशकात महाराष्ट्रात भारनियमन होतं, आणि विदर्भाने ते भरपूर भोगलं. साधा फोन वीज गेल्यावरही चालायचा, कारण त्याला लागणारी ४८ व्होल्टची वीज एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून त्याच तारेने यायची. मोडेमला मात्र घरची वीज लागायची. म्हणजे नेट असूनही नेट नाही. वीज आली की गल्लीतून एकच आरोळी, "काहून बे, तुह्याकडे लिंक आली का?" पावसाळ्यात वीज कडाडली की सगळ्यात आधी मोडेमची तार उपटायची, नाहीतर विजेचा झटका तारेवरून येऊन मोडेमला संपवायचा.

चारशे एमबीचा महिना

आता दिवसाला दीड-दोन जीबी मिळतो आणि तो संध्याकाळपर्यंत संपतो. त्या वेळच्या स्वस्त योजनांमध्ये ४०० एमबीची मर्यादा दिसायची, ती महिन्याला. साधं गणित करून बघा. २५६ केबीपीएसच्या पूर्ण वेगाने उतरवत राहिलं तर ४०० एमबी साडेतीन तासांत संपतात. जानेवारी २००७पासून बीएसएनएलने वेग २ एमबीपीएसपर्यंत नेला. त्या वेगाने तोच साठा सत्तावीस मिनिटांत उडाला असता. वेग वाढला म्हणून आनंद करायचा की बिलाची भीती धरायची, असा पेच. मर्यादेपुढच्या प्रत्येक एमबीला पैसे, आणि बिल वडिलांच्या नावावर.

यावर तोडगा होता रात्रीचा. काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेत वापर मोजला जायचा नाही. सहा तास, २५६ केबीपीएस, हिशेब होतो सुमारे ६९० एमबी. म्हणजे त्या काळच्या एका सीडीएवढा, एक सिनेमा. दोनचा गजर लावायचा, डाउनलोड सुरू करायचं, स्क्रीन बंद करून झोपायचं, आणि आठच्या आत उठून बंद करायचं. मध्ये वीज गेली तर रात्र फुकट. त्या पिढीतल्या कित्येकांनी परीक्षेसाठी नसतील एवढे पहाटेचे गजर डाउनलोडसाठी लावले.

पण टंचाईने एक शिस्त लावली. काय उतरवायचं याची यादी आधी वहीत व्हायची. एकाने उतरवलेलं पेनड्राइव्हवर दहा जणांकडे जायचं. स्पर्धा परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका, प्रोग्रॅमिंगची पुस्तकं, मराठी टाइप करायचे फॉन्ट असं सगळं या वाटेने फिरलं. एका घरातली तार गल्लीभर पोचत होती.

येणारी वाट आणि जाणारी वाट

एडीएसएलमधल्या पहिल्या 'ए'चा अर्थ 'असिमेट्रिक', म्हणजे असमान. घराकडे येणारी वाट रुंद, घरातून जाणारी अरुंद. पहिल्या एडीएसएलमध्ये येणारा वेग जास्तीत जास्त ८ एमबीपीएसपर्यंत जाऊ शकायचा, जाणारा जेमतेम एकच्या आसपास.

हे का? अमेरिकेतल्या बेलकोर या संशोधन संस्थेत १९८०च्या दशकाच्या शेवटी जोसेफ लेक्लायडर यांनी ही असमानता सुचवली. दोन्ही बाजूंनी सारखा वेग ठेवला तर शेजारशेजारच्या तारांमधले संदेश एकमेकांत मिसळतात. एक दिशा मंद ठेवली तर दुसरी पुष्कळ वेगवान करता येते. आणि त्या वेळी फोन कंपन्यांच्या डोळ्यांसमोर होतं घरबसल्या मागवलेला सिनेमा दाखवणं. सिनेमा बघणारा परत काय पाठवणार? एक बटण दाबल्याची खबर, बस्स.

युक्ती हुशारीची होती. पण तिच्यात एक गृहीत दडलं होतं : घरातला माणूस बघेल, ऐकेल, विकत घेईल, त्याच्याकडून जगाला पाठवण्यासारखं फारसं काही नसेल. खामगावच्या तारेत हेच गृहीत होतं. तेव्हा वऱ्हाडकडून कापसाचे आकडे हवे होते, बोलणं नको होतं. आता वऱ्हाडच्या घराने घ्यायचं होतं, द्यायचं नव्हतं. म्हणूनच एखाद्या पोराने परतवाड्याच्या जत्रेचा व्हिडिओ यूट्यूबवर चढवायचं ठरवलं तर बघायला लागणाऱ्या वेळाच्या कितीतरी पट वेळ चढवायला लागायचा. आपण मागे का पडतो याची कारणं शोधताना आपण भाषा, न्यूनगंड, पुणे-मुंबई असं सगळं काढतो. तारेची बनावटही त्या यादीत घालायला हवी.

टोक दिसेनासं झालं

जुलै २०१३मध्ये बीएसएनएलने देशातली तारसेवा कायमची बंद केली. खामगावला ज्या यंत्रणेने लिव्हरपूल दाखवलं, तिचा शेवट. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि काही महिन्यांत डेटा इतका स्वस्त झाला की तांब्याच्या तारेतून येणाऱ्या नेटसाठी महिन्याचं भाडं भरणं लोकांना वेडेपणा वाटू लागलं. घरोघरचे फोन सरेंडर झाले. ३१ जानेवारी २०२०ला बीएसएनएलचे ७८ हजारांवर कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एका दिवसात बाहेर पडले. त्यांच्यात कोणता जोड कोणत्या खड्ड्यात आहे हे डोक्यात ठेवून फिरणारे किती लाइनमन असतील, याचा विचार करा. तो नकाशा कागदावर पूर्ण कधीच नव्हता.

मोबाइलने जे दिलं ते लहान नाही. एक्स्चेंजपासूनच्या अंतराची अट गेली. शेतात उभा राहून कास्तकार अकोल्याच्या, अकोटच्या बाजार समितीतला भाव बघतो. न्यूयॉर्कच्या वायद्याचा आकडाही त्याला दिसतो. दीडशे वर्षांनी तार त्याच्या खिशात आली. भाव दिसतो म्हणून भाव मिळतोच असं नाही, पण अडत्याच्या तोंडाकडे बघत उभं राहणं संपलं.

मात्र टोक हातात आलं तशी कळ हातातून गेली. फोनमधलं नेट बंद पडलं तर तुम्ही काय करता? एअरप्लेन मोड चालू-बंद, फार तर फोन रीस्टार्ट. फेब्रुवारी २०२१मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेच्या तोंडावर अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली. एका फोनवर दोन भावंडांचे वर्ग, डेटा दुपारीच संपलेला, अशा वेळी घरात एक तार असण्याची किंमत पुष्कळांना नव्याने कळली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शहरात हिंसाचार झाला, संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद करण्यात आलं. कारण काहीही असो, एका आदेशाने अख्ख्या शहराच्या खिशातली तार एकाच वेळी तुटू शकते, हे तेव्हा दिसलं.

मेळघाटातल्या हरिसालची गोष्टही याच ओळीतली. सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून धारणी तालुक्यातल्या या गावाला डिजिटल गाव म्हणून पुढे आणलं. टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून नेट नेण्याचा तिथला प्रयोग खरोखर कल्पक होता. डोंगर-जंगलात तार टाकणं कठीण म्हणून. पुढे २०१९च्या निवडणुकीत राज ठाकरे यांच्या सभांमध्ये हरिसाल पडद्यावर आलं आणि तिथे प्रत्यक्षात काय सुरू आहे, काय बंद, यावर राज्यभर वाद झाला. वाद राजकीय होता, पण त्याखालचा प्रश्न जुनाच : यंत्र बसवणारा निघून गेल्यावर ते चालू ठेवणारं गावात कोण? उद्घाटनाला माणसं असतात, मेयोच्या काळापासून असतात. रिसेटचं भोक माहीत असलेलं माणूस लागतं ते दुसऱ्या दिवसापासून.

आता काचेची तार

सध्या अमरावती-अकोल्याच्या खांबांवरून काचेच्या तारा धावताहेत, कधी कंपन्यांच्या, कधी गल्लीतल्या केबलवाल्यामार्फत. या तारेत तांबं नाही. केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून प्रकाश जातो. एक्स्चेंजपासून दहा किलोमीटर काय, वीस किलोमीटरवरचं घरही तिला चालतं. ओल्या मातीचा तिला फारसा त्रास नाही, तारेवरून विजेचा झटका येत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे, बऱ्याच फायबर योजनांमध्ये येणारा आणि जाणारा वेग सारखाच असतो. १८७०पासून इथे आलेल्या तारांमध्ये ही गोष्ट नवीन आहे : वऱ्हाडातून बाहेर जाणारी वाट आत येणाऱ्या वाटेएवढी रुंद. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११मध्ये मंजूर झाली, पुढे तिला भारतनेट हे नाव मिळालं. ग्रामपंचायतीच्या कपाटातून ती काच घराघरात किती लवकर उतरते, यावर पुढचं बरंच काही अवलंबून आहे.

शून्य-पस्तीसचं काम आता उरलं नाही. फायबरचा डबा बसवणारा माणूसच सगळं भरून जातो, आणि सिग्नल गेला की त्यावर लाल दिवा लागतो. पण आतलं दार अजून तसंच आहे. तुमच्या घरी वाय-फाय असेल तर डब्याखालचं स्टिकर वाचा. तिथे बहुधा १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता सापडेल, आणि पुष्कळदा तोच जुना ॲडमिन. ब्राउझरमध्ये तो टाका. निदान पासवर्ड बदला, कोणकोणते फोन जोडलेले आहेत ते पाहा, अपलोडच्या रकान्यात काय आकडा येतो तो वाचा. आणि तेवढी मोठी वाट मोकळी असेल, तर त्यावरून इथलं काय पाठवायचं हेही एकदा ठरवा राजेहो. कापूस तर आपण दीडशे वर्षं पाठवतोच आहोत.